लक्ष्मणराव किर्लोस्कर : कमी माणसं, कमी पैसा आणि खात्रीचं लोखंड

क्वालिटी मॅनेजमेंटच्या कुठल्याही पुस्तकात सप्लायर ऑडिटचा एक धडा असतो. त्यात छान फ्लोचार्ट असतो. सप्लायरची यादी करा, वर्षाचं कॅलेंडर आखा, ऑडिट टीम नेमा, भेट द्या, रिपोर्ट लिहा, सुधारणा झाली का ते बघायला पुन्हा जा. सगळं बरोबर आहे. फक्त त्या फ्लोचार्टमधली कंपनी भलतीच श्रीमंत असते! आपल्यापैकी बरेच जण उद्या सोलापूरच्या चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत नाहीतर पुण्यातल्या एखाद्या शेडमध्ये लागतील. तिथे क्वालिटी डिपार्टमेंट म्हणजे दोन माणसं असतात, आणि त्यातला एक जण डिस्पॅचही बघतो.

एक साधं गणित मांडू. समजा चाळीस सप्लायर आहेत आणि क्वालिटीची दोन माणसं. रोजचं काम सांभाळून प्रत्येकाला वर्षात फार तर १२ दिवस बाहेर काढता येतात, म्हणजे एकूण २४ दिवस. जाणं-येणं, तिथली पाहणी आणि मागचं लिखाण धरून एका ऑडिटला ३ दिवस लागतात. म्हणजे वर्षाला ८ ऑडिट. उरलेल्या ३२ जणांचं काय करायचं? आणि ते ८ तरी कोणते?

याचं उत्तर शोधता शोधता मी पोचले ते लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रापाशी. इंग्लिश मीडियममध्ये आम्हाला हेन्री फोर्ड होता, एडिसन होता. किर्लोस्कर म्हणजे आमच्यासाठी फक्त विहिरीवरच्या पंपाचं नाव! त्या माणसाच्या आयुष्यात ऑडिट हा शब्द कुठेच येत नाही, तरी कमी साधनांत कुणावर किती विसंबायचं हा प्रश्न त्यांना जन्मभर पुरला. हे वाचन माझं आहे, चरित्रकारांचं नाही, हे आधीच सांगते.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. शाळेच्या अभ्यासात मन नव्हतं, चित्रं काढण्यात आणि यंत्रं उघडून बघण्यात होतं. १८८५ मध्ये वडिलांच्या मर्जीविरुद्ध ते मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पैशाचा भार थोरले भाऊ रामूअण्णा यांनी उचलला. चित्रकलेची दोन वर्षं झाली आणि लक्षात आलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत! चित्रकाराला याहून मोठा धक्का कोणता? पण त्यांनी रंग सोडले, रेषा धरली. मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, तोच विषय शिकवायला लागले. फावल्या वेळात तिथल्या वर्कशॉपमध्ये काम करून हात काळे करायचे. आपल्याकडे शिकवणारा एकीकडे आणि वर्कशॉपवाला एकीकडे असतो, ते त्यांच्या बाबतीत नव्हतं.

१८८८ मध्ये दोघा भावांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. सायकल तेव्हा नवलाची चीज होती. लक्ष्मणरावांनी मुंबईहून माल धाडायचा आणि रामूअण्णांनी बेळगावात विकायचा, वर फी घेऊन लोकांना चालवायलाही शिकवायची. म्हणजे माल जिथून येतो तिथे आपला एक माणूस आणि जिथे विकला जातो तिथे दुसरा. दोन माणसांच्या कंपनीत याहून चांगली मांडणी कुठली? बाहेरगावच्या व्यापाऱ्याकडून पोस्टाने माल मागवणाऱ्याला पेटी उघडल्यावर कळतं की आत काय आलंय. यांना ती पेटी बंद व्हायच्या आधी बघायची सोय होती. आज याला सोर्स इन्स्पेक्शन म्हणतात, म्हणजे माल निघायच्या आधी सप्लायरच्या दारातच तपासणं.

इन्स्टिट्यूटमध्ये बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि १८९७ च्या सुमारास बेळगाव गाठलं. छोटासा कारखाना सुरू झाला. आधी कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर.

इथे जरा थांबायला हवं. पहिले नांगर तयार झाले आणि तसेच पडून राहिले. ते खपायला दोनेक वर्षं लागली. लोखंडाने जमीन नासते, तिच्यात विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती असं सगळीकडे लिहिलेलं असतं, आणि ते खरंही आहे. पण नुसतं अंधश्रद्धा म्हणून ते सोडून द्यावं असं मला वाटत नाही. शेतकऱ्याच्या बाजूने बघा. त्याचा लाकडी नांगर गावचा सुतार करतो आणि लोहार त्याचा फाळ शेवटतो. मोडला तर दोघंही हाकेच्या अंतरावर. आता हा बेळगावचा कोण किर्लोस्कर ओतीव लोखंडाचा नांगर घ्या म्हणतो. ओतीव बीड तुटलं तर लोहाराला ते ठोकून जोडता येत नाही, ठोकलं की आणखी फुटतं. मग नवा भाग आणायचा कुठून? तो कारखाना बंद पडला तर? शेतकऱ्याकडे बैलांची एक जोडी, एक तुकडा जमीन आणि वर्षातला एकच पेरणीचा हंगाम. नांगर ऐन वेळी मोडला तर वर्ष गेलं.

म्हणजे खरं बघितलं तर इथे सप्लायर लक्ष्मणराव होते आणि ऑडिटर शेतकरी! तोही अगदी कमी साधनांचा. त्याने काय केलं? आजही खेड्यात नवं बियाणं किंवा नवं औजार आलं की बहुतेक जण करतात तेच. एकाने आपल्या रानात चालवून बघावं आणि बाकीच्यांनी बांधावरून पाहावं. एकाच्या खर्चात दहा जणांची खात्री होते. दोन वर्षं लागली ती यात लागली असावीत. एकदा खात्री पटली की मात्र गिऱ्हाईक तुटत नाही, हेही त्या नांगराच्या पुढच्या इतिहासात दिसतं.

धंदा जरा बसतोय तोच १९१० च्या सुमाराला बेळगावातली कारखान्याची जागा नगरपालिकेच्या कारभारापायी सोडावी लागली. हातात भांडवल नाही, डोक्यावर छप्पर नाही. अशा वेळी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. औंधला लक्ष्मणरावांनी मंडपाचं एक बांधकाम केलं होतं. राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जागा आणि १०,००० रुपये कर्ज दिलं. चरित्रांत हा प्रसंग औदार्याचा म्हणून येतो. तो आहेच, पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. राजाने या माणसाचं काम आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. कर्ज देताना कागद तपासण्याआधी काम तपासून झालेलं होतं.

१० मार्च १९१० ला किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. आजच्या सांगली जिल्ह्यातलं, पलूस तालुक्यातलं हे ठिकाण तेव्हा नुसता माळ होता. निवडुंग आणि साप. सोबत आलेले कामगार आणि त्यांची कुटुंबं. जवळ ना बाजार, ना दुसरं वर्कशॉप. एकच मोठी गोष्ट होती, रेल्वे स्टेशन. कच्चा माल इथे उतरणार आणि नांगर इथूनच चढणार. ज्याला माणसं पाठवून चार गावं पालथी घालणं परवडत नाही, त्याने मालाच्या वाटेवरच जाऊन बसावं, असं काहीसं ते होतं. पुढे त्या स्टेशनचं नावच किर्लोस्करवाडी झालं.

माणसांची निवडही तशीच. अनंतराव फळणीकरांचं शाळेचं शिक्षण अर्धवट सुटलेलं, ते तिथे इंजिनिअर झाले. मंगेशराव रेगे यांच्याकडे हिशेब. शंभूअण्णा जांभेकर आणि के. के. कुलकर्णी पडेल ती जबाबदारी घेणारे. रामूअण्णांनी वसाहत उभी करायचं काम अंगावर घेतलं. रात्रीच्या पहाऱ्याला लक्ष्मणरावांनी नेमले ते पूर्वी शिक्षा भोगून आलेले लोक! वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही असा नियमही त्यांनी केला. त्या काळात या दोन्ही गोष्टी किती जणांना पटल्या असतील कोण जाणे. सर्टिफिकेट बघून माणूस घ्यायचा त्यांचा स्वभावच नव्हता. काम देऊन बघायचे आणि मग ठरवायचे.

पण माणसावर विश्वास टाकता येतो, लोखंडावर नाही. हे कळायला पहिलं महायुद्ध यावं लागलं.

१९१४ ते १९१८ या काळात परदेशी नांगर येणं आटलं आणि किर्लोस्करांच्या नांगराला मागणी वाढली. संधी सोन्यासारखी होती, पण त्याच युद्धाने कच्चं लोखंड, कोक आणि रंग यांचीही टंचाई केली. ऑर्डर आहेत, भट्टी आहे, माणसं आहेत आणि भट्टीत घालायला काही नाही! मग जिथे मिळेल तिथून मोडीचं लोखंड गोळा झालं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या गडावर पडून असलेल्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. कोकऐवजी लाकडी कोळसा आला. रंग तिथल्या तिथे करायची खटपट झाली.

तोफेचा नांगर झाला ही गोष्ट ऐकायला फार छान वाटते. पण मेकॅनिकलवाल्यांनी तिच्याकडे मेकॅनिकलच्या डोळ्यांनी बघितलं पाहिजे. नेहमीच्या कारखान्यातून आलेल्या लोखंडात कार्बन किती, सिलिकॉन किती, गंधक किती याचा काही अंदाज असतो, कारण त्याची भट्टी आणि खनिज ठरलेलं असतं. तोफ कुणी ओतली, कधी ओतली, कशाची ओतली, काही पत्ता नाही. मोडीच्या ढिगाचं तर विचारूच नका. सिलिकॉन कमी पडलं किंवा गंधक वाढलं की बीड पांढरं पडतं, म्हणजे काचेसारखं कडक आणि ठिसूळ. असा फाळ दगडाला लागला की तडकतो. लाकडी कोळशात गंधक कमी, तो फायदा. पण तो कोकसारखा दणकट नसतो, भट्टीतल्या मालाच्या वजनाखाली त्याचा भुगा होतो आणि हवेची वाट कोंडते. म्हणजे एका वेळी लोखंडाचा सप्लायर बदलला, इंधनाचा सप्लायर बदलला आणि रंगाचाही. आजच्या भाषेत तीन मोठे सप्लायर चेंज, तेही एकदम. आजच्या ऑटोमोबाइल कंपनीत यातला एक जरी झाला तरी पंधरा फॉर्म भरावे लागतात.

आणि मुख्य म्हणजे इथे ऑडिट करणार तरी कुणाचं? तोफेच्या सप्लायरकडे जाऊन त्याची प्रोसेस बघता येत नाही, तो दोन-तीनशे वर्षांपूर्वी गेला! अशा वेळी तपासणीची जागा बदलावी लागते. सप्लायरच्या दारात जाता येत नसेल तर आपल्या दारात बघायचं. ओतशाळेत याची फार जुनी आणि स्वस्त रीत आहे. मोठं ओतकाम करण्याआधी पाचरीच्या आकाराचा एक छोटा तुकडा ओतायचा, निवला की हातोड्याने मोडायचा आणि मोडलेली बाजू बघायची. करडी दिसली तर ठीक, टोकापासून पांढरा पट्टा फार आत गेलेला असेल तर रस बदलायला हवा. आजही ओतशाळांत ही वेज टेस्ट करतात. पाच मिनिटांचं काम, खर्च जवळजवळ शून्य आणि खात्री मात्र त्या क्षणाची, त्या रसाची.

आता आपल्या चाळीस सप्लायरकडे येऊ. आयएसओ ९००१ या स्टँडर्डमधलं ८.४ हे कलम सांगतं की बाहेरून येणाऱ्या मालावर आणि सेवांवर नियंत्रण ठेवा, पण प्रत्येकाकडे जाऊन ऑडिट करा असं ते कुठेही म्हणत नाही. ऑडिट कसं आखावं ते सांगणाऱ्या आयएसओ १९०११ च्या २०१८ च्या आवृत्तीत तर जोखीम बघून आखणी करा हे तत्त्व म्हणूनच आलं आहे. जोखीम बघायची म्हणजे काय? माझ्या मते लक्ष्मणरावांच्या नांगराला धरून विचारलं तर हा प्रश्न सोपा होतो. रंग खराब निघाला तर नांगर गंजका दिसेल, शेतकरी कुरकुर करेल. बोल्ट खराब निघाला तर तालुक्याच्या गावी दुसरा मिळेल. फाळाचं लोखंड खराब निघालं तर हंगाम जाईल. तिघंही सप्लायरच, पण तिघांना एकाच तागडीत घालणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

म्हणून वर्षाच्या त्या ८ भेटी अशांसाठी ठेवायच्या, ज्यांची चूक आपल्या तपासणीत सापडतच नाही. हा निकष मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. माप चुकलं तर व्हर्नियर लावून आपल्या दारात कळतं. हीट ट्रीटमेंट, वेल्डिंग, प्लेटिंग यातली चूक वरून दिसत नाही. तुकडा फोडून बघितल्याशिवाय तिचा पत्ता लागत नाही आणि सगळेच तुकडे काही फोडता येत नाहीत. तिथे प्रोसेसच बघायला जावं लागतं. दुसरे, ज्यांना पर्याय नाही असे एकटे सप्लायर. तिसरे, ज्यांनी नुकतंच काही बदललंय, म्हणजे जागा, मशीन, माणसं किंवा कच्चा माल. तोफा आल्या तो दिवस विसरायचा नाही!

बाकीच्यांना वाऱ्यावर सोडायचं असंही नाही. कुणाकडून प्रश्नावली भरून घ्यायची, कुणाचं मटेरियल टेस्ट सर्टिफिकेट बघायचं आणि वर्षातून दोनदा त्यातला एक तुकडा आपण बाहेरच्या लॅबमध्ये पाठवून ते सर्टिफिकेट खरं बोलतंय का ते पडताळायचं. रिजेक्शनचं रजिस्टर तर घरातच असतं, फुकट असतं आणि बहुतेक ठिकाणी ते नुसतं भरलं जातं, वाचलं जात नाही. एकाच एमआयडीसीतले तीन सप्लायर असतील तर एका फेरीत उरकायचे, म्हणजे ८ चे १० होतात. आणि पेमेंट वेळेवर द्यायचं. हे कुठल्या पुस्तकात ऑडिटच्या धड्यात नसतं, पण ज्याचे पैसे चार महिने अडकलेत तो सप्लायर ऑडिटरला चहा पाजेल, खरं सांगणार नाही.

लक्ष्मणरावांनी आणखी एक मार्ग वापरला, जो आज आपल्याला तितका परवडत नाही. ज्याची खात्री नाही ते घरातच करायचं. माळावर दुसरा इलाज नव्हता म्हणूनही ते झालं. पण घरात केलेल्या प्रत्येक गोष्टीला मशीन लागतं, माणूस लागतो आणि त्याच्यावरही लक्ष ठेवावं लागतं. सप्लायर बाहेरचा जाऊन आतला होतो एवढंच. त्यांची भरभराट झाली म्हणून प्रत्येक छोट्या कारखान्याने आपले बोल्ट आपण करावेत असं मी म्हणणार नाही.

पुढचं आयुष्य झपाट्याने वाढत गेलं. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव, म्हणजे मराठी वाचकांचे शं. वा. कि., यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं, ते पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. उसाचे चरक आले, १९२६ मध्ये पंप आले. १९२२ मध्ये मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीला शिकायला गेला. हे शंतनुराव आणि शं. वा. कि. दोघंही जन्माने सोलापूरचे, म्हणजे आपल्या तुळजापूरपासून पन्नास किलोमीटरच्या आतले, हे आपल्या किती जणांना माहीत आहे? १९४१ मध्ये हरिहरला मशीन टूल्सचा कारखाना निघाला आणि १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनचा. एका इंजिनात इतके सुटे भाग असतात की माळावरचा घरातच सगळं करायचा मार्ग तिथे पुरला नसता.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये जन्मशताब्दीला पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं.

तुळजापूरहून एसटीने सोलापूरला उतरलं तर त्या शहरात आज किर्लोस्कर फेरसची ओतशाळा आहे. याच कंपनीचा कर्नाटकात कोप्पळजवळ कच्च्या लोखंडाचा कारखानाही आहे. ज्या घराण्याला एके काळी लोखंडासाठी तोफा मागाव्या लागल्या, ते आता दुसऱ्यांना लोखंड आणि ओतीव भाग पुरवतं, ट्रॅक्टरच्या आणि इंजिनांच्या कंपन्यांना सिलिंडर ब्लॉक, सिलिंडर हेड देतं. म्हणजे आता ते टेबलाच्या पलीकडे बसलेत, सप्लायरच्या खुर्चीत.